गंगावन

१५ एप्रिल १९६६, शुक्रवार. सकाळपासून मोगऱ्याचे गजरे ओवत होते. तारापूरच्या वकिलांच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. साठ गजरे सांगितले होते. ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत भरले, टोपली आमच्या वाडीवर कामाला येणाऱ्या नवशीच्या डोक्यावर दिली आणि दुपारी आम्ही दोघी निघालो.

बारा वर्षं हे काम माझ्याकडे होतं. वकिलीणबाईंना सगळे माईसाहेब म्हणत. त्यांच्या दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी मी पाट घेऊन बसायची. येईल त्या सवाष्णीच्या केसांत गजरा माळायची. "हिच्या हातचा गजरा दुसऱ्या दिवशीपर्यंत हलत नाही," असं माईसाहेब चारचौघींत सांगायच्या. मला ते आवडायचं. मी उंबऱ्यापर्यंत जायची. नवशी वारली जमातीची, ती अंगणापर्यंत. विहिरीच्या कडेला टोपली घेऊन बसायची. यात काही चुकतंय असं मला बारा वर्षांत वाटलं नव्हतं.

त्या दिवशी आलेल्या तिसऱ्या बाईला गजरा माळत होते. अणुवीज प्रकल्पाच्या बांधकामावर नव्याने आलेल्या इंजिनियरची बायको. पुण्याची. तिच्या मानेवर माझा एक केस पडला. तिने तो चिमटीत धरला. मुळाशी पांढरी खपली होती.

"अय्या, हे काय?"

माईसाहेब आल्या. माझ्याकडे बघितलं. त्या घरात मी पहिल्यांदाच घट्ट पदर घेऊन बसले होते.

"पदर घे बघू खाली."

मी घेतला नाही. त्यांनीच ओढला. पदराबरोबर अंबाडा त्यांच्या हातात आला.

मग एक बाई फिसकन हसली. मग सगळ्या. माझ्या टाळूवर हाताच्या तळव्याएवढं चकचकीत कातडं, बाजूला चार पिंजारलेले केस, खाजवून खाजवून धरलेल्या खपल्या. एकीने दुसरीला विचारलं, हळू पण मला ऐकू येईल असं, "सवाष्णच ना गं ही?"

माईसाहेबांनी तो अंबाडा हातातून टाकला. मोलकरणीला हाक मारली, "चिमटा आण." मोलकरणीने चुलीतला चिमटा आणला, माझं गंगावन त्यात धरलं आणि खिडकीतून अंगणात फेकलं. मेलेला उंदीर फेकावा तसं.

"कुठून आणलंस हे डोक्याला?" माईसाहेबांनी विचारलं. मग त्यांनी खिडकीतून नवशीकडे बघितलं. तिच्या डोक्यावरचं फडकं सरकलं होतं. खाली बोटाच्या पेराएवढे केस. "ते बघा. तिचंही तेच. या लोकांत वावरायचं, त्यांच्यात उठायचं बसायचं. त्यांच्याकडूनच लागलं असणार. हो की नाही गं?"

मी म्हणाले, "हो माईसाहेब. तिच्याकडूनच लागलं."

हे माझे शब्द. एकही बदललेला नाही.

नवशीने ऐकलं. खिडकी उघडीच होती. ती उठली, ते गंगावन उचललं, त्यावरची माती झटकली. केसांची टोकं उन्हात धरली. टोकं तांबूस होती. तिने ती बराच वेळ बघितली.

तिने ओळखलं. कारण ते केस तिचे होते.

*

खाज सुरू झाली आदल्या दिवाळीच्या आधी. आधी कानामागे. मग टाळूवर. कोंडा असेल म्हणून लिंबू चोळलं. दही लावलं. कडुनिंबाच्या पाल्याने न्हाले. करंजाचं तेल लावलं, त्याच्या वासाने नवरा ओटीवर झोपायला गेला. खाज गेली नाही. गजरे ओवताना सुईच्या मागच्या बाजूने डोकं खाजवायची. एकदा एका कळीवर रक्ताचा ठिपका दिसला. ती कळी मी काढून टाकली आणि बाकीचे गजरे गिऱ्हाइकाला दिले.

मग केस जायला लागले. सकाळी उशीवर, न्हाणीच्या मोरीत, भातात. भुवयांची बाहेरची टोकंही गेली. अंगाला सूज. सगळे उकाड्याने हैराण असत तेव्हा मी शाल घेऊन बसायची. हे सगळं एकाच ठिकाणाहून येतंय हे मला कळत नव्हतं. मला फक्त डोकं दिसत होतं. ज्या बाईच्या स्वतःच्या अंबाड्यात गजरा ठरत नाही, तिच्याकडून गजरा कोण घेणार?

आमच्या वाडीवर कळ्या खुडायला सहा वारली बाया येत. वाडी समुद्राच्या अंगाला, त्यांचा पाडा रुळांच्या पलीकडे. अंधारातच चालत निघायच्या आणि उजाडता उजाडता मोगऱ्यात शिरायच्या. दुपारी भाकरी झाली की आंब्याखाली एकीच्या मागे एक बसायच्या आणि पुढचीचं डोकं बघायच्या. बोलणं, हसणं, एकमेकींच्या नवऱ्यांच्या नकला, सगळं त्या रांगेत. सगळ्यांत पुढे मी. माझ्या मागे नवशी. तिच्या बोटांना हलकेपणा होता. तेल लावता लावता माझा डोळा लागायचा. चहा मात्र मी तिला करवंटीत द्यायची. डोक्याला तिचा हात चालायचा, कपाला चालायचा नाही.

माघात खाज असह्य झाली तेव्हा मी ठरवून टाकलं. उवा. आणि माझ्या मागे कोण बसतं? नवशी.

तिचे केस कमरेखाली होते. दाट. टोकाला उन्हाने तांबूस झालेले.

आंब्याखाली, सगळ्या बायांपुढे, मी तिच्या डोक्यावर रॉकेल ओतलं. तिच्या डोळ्यांत गेलं. ती ओरडली नाही. मी फणी फिरवली. काही निघालं नाही. तर मी म्हणाले, "लिखा आतवर आहेत. कापायला पाहिजेत."

"बाय, उवा नाय माझ्या डोक्यात. तुमी बगा नीट."

"मला शिकवू नकोस. कामाला यायचं की नाही?"

तिने पाचही बायांकडे बघितलं. कुणी मान वर केली नाही. मग ती माझ्यापुढे पाठ करून बसली. गजऱ्याचा दोरा कापायची कात्री होती माझ्याकडे. लहान. त्या कात्रीने तेवढे केस कापायला फार वेळ लागला. बोटाला फोड आली. तिची मान मधेमधे थरथरत होती. मी कापत राहिले.

आता पुढचं. हे मी त्या शुक्रवारपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

बाया गेल्यावर मी ते केस जाळायला म्हणून गोळा केले. जाळण्याआधी पांढऱ्या धोतराच्या फडक्यावर पसरले आणि बारीक फणी घातली. मुळापासून टोकापर्यंत. तीन वेळा. एक ऊ नाही. एक लीख नाही. रॉकेलने मेली असती तरी फडक्यावर पडली असती. काही नव्हतं. स्वच्छ केस होते.

मला तेव्हाच कळलं. त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या आत.

मी काय करायला हवं होतं ते सांगायला कुणी लागत नाही. मी काय केलं ते सांगते. मी रिठे भिजत घातले. ते केस दोन पाण्यांनी धुतले. सावलीत वाळवले. मुळाकडून दोऱ्याने गच्च बांधले, जसा गजरा बांधते तसे. छान गंगावन झालं. बाजारात मिळतं त्याहून भारी. दुसऱ्या दिवशी अंबाड्यात खोवलं आणि पदर घट्ट घेऊन वाडीत गेले. नवशी डोक्याला फडकं बांधून कळ्या खुडत होती.

त्या दिवसापासून दुपारच्या रांगेत तिला कुणी घेतलं नाही. तिच्या मागे कोणी बसायची नाही, ती कोणाच्या मागे बसली तर पुढची उठायची. बायने सगळ्यांपुढे कापले म्हणजे काहीतरी असणारच. ती बांधावर एकटी बसून भाकरी खायची. मी बघत होते. मला वाटायचं, होईल सवय.

होळीनंतर माझा आवाज बसला. चार पावलं चालले की धाप. तेव्हा पालघरला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी डोक्याकडे शेवटी बघितलं. आधी गळा चाचपला, भुवया बघितल्या, पायाची सूज दाबली, पाळी कशी येते विचारलं, थंडी वाजते का विचारलं. म्हणाल्या, गळ्यात एक ग्रंथी असते, तिचा रस कमी पडला की कातडी कोरडी होते, खाज सुटते, केस जातात. टाळूला लावायला मलम दिलं आणि गोळ्या दिल्या. रोज सकाळी, उपाशीपोटी. केस परत येतील, पण सावकाश आणि पूर्वीइतके येतीलच असं नाही.

मी विचारलं, "उवांनी नाही ना? कुणाकडून लागलं नाही ना?"

"कुणाकडून कसं लागेल, बाई? तुमच्याच गळ्यातून आलंय."

परत येताना माझ्या मनात काय होतं तेही लिहिते. सुटका वाटली. माझ्यात घाण नाही, या गोष्टीचा आनंद झाला. नवशीचा विचार बोईसर मागे पडल्यावर आला. तो मी बाजूला केला. तिला सांगायचं म्हणजे केसांचं सांगावं लागलं असतं. केस माझ्या डोक्यावर होते.

म्हणून माईसाहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून ते उत्तर इतक्या पटकन आलं. दोन महिने ते माझ्या तोंडात तयारच होतं.

*

नवशी अंगणात उभी होती. हातात गंगावन. ती रडत नव्हती. चिडलेलीही दिसली नाही. तिने माझ्याकडे बघून ते वर धरलं. एवढंच. जत्रेत हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस लांबून दाखवतो ना, हेच का म्हणून, तसं.

इकडे माईसाहेबांनी माझी सोय लावली होती. "असू दे, झालं ते झालं. बारा वर्षं येतेस म्हणून सांगते. तू मागच्या पडवीत बस. गजरे ताटात ठेव, इथल्या इथे वाटले जातील. आणि त्या बाईला आधी हाकल. पुन्हा आणू नकोस."

मोलकरणीने द्रोणात पन्हं आणलं. द्रोण हातात दिला नाही. खाली ठेवला आणि पायाने सरकवला. त्या घरात मला नेहमी फुलपात्र मिळायचं.

मला करवंटी आठवली.

मी द्रोण उचलला नाही. उठले. पदर खांद्यावर टाकला आणि उघड्या डोक्याने उंबरा ओलांडून दिवाणखान्यात गेले. बारा वर्षांत पहिल्यांदा. बायका पाय आवरून मागे सरकल्या.

"मी खोटं बोलले," मी म्हणाले. माझा आवाज तेव्हा घोगरा होता, पुरुषासारखा. त्यामुळे सगळ्यांना नीट ऐकू गेलं. "हा गळ्यातला रोग आहे. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलंय. कुणाचा कुणाला लागत नाही. आणि तिचे केस रोगाने गेले नाहीत. मी कापले. तिच्या डोक्यात एक ऊ नव्हती. तेच केस मी डोक्यावर बांधले होते. आत्ता तुम्ही चिमट्याने फेकलेत ते."

मला वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल, अगं काय केलंस हे त्या बाईचं. कुणी म्हणालं नाही.

माईसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आपला हात बघितला, ज्या हाताने अंबाडा ओढला होता तो.

"म्हणजे तू वारलिणीचे केस डोक्यावर घालून माझ्या गौरीपुढे बसलीस?"

"हो. आणि मागच्या मंगळवारी देशपांड्यांच्या मुंजीत बसले. तिथे तुम्ही म्हणालात, तुझा अंबाडा बाई चाळिशीतही तसाच."

मघाची इंजिनियरची बायको हसली. एकटीच. मग तिने हसू आवरलं.

"चालती हो," माईसाहेब म्हणाल्या. "तुझी फुलं घेऊन चालती हो. या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही. वैशाखात तुझ्याकडून एकही गजरा कुणी घेणार नाही, मी बघते."

"बघा. पण मी चालती होणार ती पुढच्या दाराने."

टोपली मीच उचलली. नवशी पुढे चालत होती. तिने केस ओटीत खोवले होते. बाहेर रस्त्यावर प्रकल्पाच्या ट्रकची धूळ. मी माळलेले दोन गजरे माईसाहेबांनी काढून मागून फेकले. तिसरा नाही आला. तो त्या पुण्याच्या बाईने ठेवला असावा, किंवा विसरली असावी.

अर्ध्या वाटेवर नवशी थांबली.

"बाय, उवा होत्या काय?"

"नव्हत्या."

"तुमाला कदी कललं?"

मला खोटं बोलता आलं असतं. डॉक्टरीणबाईंचं नाव सांगता आलं असतं. "त्याच दिवशी," मी म्हणाले.

तिने मान हलवली. जणू तिला हे माहीत होतं, फक्त माझ्या तोंडून हवं होतं.

"मंग दोन महिने मी बांदावर बसलं ते?"

माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला.

"मना नका सांगू. त्या घरच्या बायांना सांगितलं, त्यांचा मना काय? त्या माझ्या मागं बसतात काय? आमच्या बायांना सांगा. आंब्याखाली. जसं कापलं तसं सांगा."

आणि ती पाड्याच्या वाटेला वळली.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो केळीचे घड मोजून आला होता, दमला होता. आधी म्हणाला, वैशाखाचं गिऱ्हाईक गेलं. मग म्हणाला, "मजुरांपुढं माफी मागणार तू? उद्या तुझं ऐकंल कोण?" मी कात्री शोधत होते. "आता कात्री कशाला?" म्हणून विचारलं. मी सांगितलं कशाला. तो उठूनच उभा राहिला. "डोकं फिरलं काय तुझं? मी अजून जिता हाय!"

"माझ्या केसांवर तुमचं आयुष्य असतं तर तुम्ही दिवाळीतच गेला असतात," मी म्हणाले.

तो बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "मागनं वाकडे राहतील. मी कापू काय?" मी नको म्हणाले. हे काम त्याचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेतली आणि आंब्याखाली जाऊन उभी राहिले. सहाही बाया आल्या होत्या. नवशी बांधावर होती. कुणाला काही कळत नव्हतं. मी त्याच दगडावर बसले जिथे तिला बसवलं होतं आणि पहिल्यापासून सांगितलं. रॉकेल. कात्री. पांढरं फडकं, तीन वेळा फणी, एकही ऊ नाही. रिठे. गंगावन. काल मी काय बोलले ते. काही गाळलं नाही. मधेच थांबले तेव्हा नवशी बांधावरून म्हणाली, "कामाला यायचं का नाय, तेबी सांगा." तेही सांगितलं.

बायांत म्हातारी जानकी सगळ्यांत मोठी. तिने तंबाखू थुंकली. "आमीबी तिला टाकली," ती म्हणाली. मला नाही, बाकीच्या बायांना. मग तिने हात झटकले, बांधावर गेली आणि नवशीच्या मागे बसली. आखूड केसांत बोटं घालायला लागली. काम सुरू व्हायच्या आधीच. मी हटकलं नाही.

मी त्याच कात्रीने माझे उरलेले केस कापले. सगळे, कातडीपर्यंत. पश्चात्तापाने नाही. पश्चात्तापाने तिचे केस वाढत नाहीत. गंगावन अडकवायला केसांचा बुडखा लागतो. तो मला ठेवायचा नव्हता. शिवाय खाज कमी होते, मलम नीट लागतं.

कापून झाल्यावर सवयीने तेलाची वाटी नवशीपुढे धरली गेली. हात आपोआप गेला.

"तेल तुमचं तुमी लावा, बाय," ती म्हणाली.

बरोबर होतं. मी लावलं. मग पदर कमरेला खोचला, डोकं उघडं ठेवलं, टोपली घेतली आणि मोगऱ्याच्या सातव्या ओळीत शिरले. पलीकडच्या ओळीत नवशी होती. दोघी दोन टोकांकडून कळ्या खुडत निघालो. ऊन चढलं तसं टाळू भाजायला लागली. मी पदर घेतला नाही. दुपारी चहा झाला तेव्हा घरातले सात कप बाहेर काढले, एकाच रंगाचे, आणि करवंटी चुलीत घातली.